देवरेकाकांचा डावा हात

माझ्या बॉक्सिंगच्या क्लासला देवरेकाका गेलं वर्षभर येताहेत आणि या वर्षभरात त्यांनी एकदाही, अगदी चुकूनसुद्धा, ठोसा मारलेला नाही.

ते येतात, खिडकीखालच्या बाकावर बसतात, हाताला पट्टी बांधतात, सोडतात, पुन्हा बांधतात, पुन्हा सोडतात. तासभर हाच उद्योग. क्लास सुटला की पट्टीची गुंडाळी करून खिशात घालतात, "झकास झाला आजचा सराव, मास्तर," म्हणतात आणि जिना उतरून जातात. सराव म्हणे! लग्नाला जाऊन जेवणाच्या पंगतीपर्यंत नुसता फेटाच बांधत बसणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

ज्यांनी बॉक्सिंग कधी केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. ग्लोव्ह्जच्या आत हाताला एक लांबलचक कापडी पट्टी बांधावी लागते. पंजात बारीक बारीक हाडं असतात. ती नीट आवळून धरली नाहीत तर मनगट मुरगळतं, आणि मग पोराच्या आधी पोराची आई माझ्याकडे येते. पट्टीच्या टोकाला अंगठ्यात अडकवायचा फास असतो. बोटं फाकवायची, पट्टी हाताच्या पाठीवरून घ्यायची, मनगटाला वेढे द्यायचे, मग बोटांच्या मुळाशी वेढे, मग प्रत्येक दोन बोटांच्या मधून एकेक फेरा, आणि शेवटी अंगठा जखडून पुन्हा मनगटावर. घट्ट झाली तर बोटं निळी पडतात, सैल झाली तर ग्लोव्हमध्ये बोळा होतो. या बाबतीत मी कडक आहे, पोरांना विचारा. पण कडक झालो तरी दोन्ही हातांना मिळून पाच मिनिटं पुरतात. तासभर बांधायला ती काही पैठणी नव्हे.

मी दिवसा अंबडला एका कारखान्यात सुपरवायझर असतो आणि संध्याकाळी सिडकोत, पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर, बॉक्सिंगचा मास्तर. गिरणी चालू असली की आमची जमीन थरथरते आणि पोरं घामावर पीठ बसून भुतासारखी दिसायला लागतात. अशा जागेत एक दिवस इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन आणि पायात पॉलिश केलेले बूट अशा थाटात देवरेकाका आले. सत्तरीकडे झुकलेले. मला वाटलं, नातवाला घालायला आले असतील.

"मास्तर, ती हाताची पट्टी बांधायला शिकवता ना?"

"शिकवतो की. कुणाला शिकायचंय?"

"मला."

"तुम्हाला बॉक्सिंग शिकायचंय?"

"पट्टी," ते शांतपणे म्हणाले. "बॉक्सिंगचं नंतर बघू."

त्यांनी हिरव्या रंगाची जोडी मागून घेतली. दुसऱ्या दिवशी येताना एकच पट्टी घेऊन आले. दुसरी कुठंय विचारलं तर म्हणाले, "घरी आहे." आजतागायत ती घरीच आहे. म्हणजे हे गृहस्थ फक्त डाव्या हाताला पट्टी बांधतात. उजव्या हाताने काय पाप केलंय, असं मी एकदा वैतागून विचारलं होतं. "तो बांधायच्या कामाला आहे," असं उत्तर मिळालं.

बरं, माणूस मंद असता तर मी समजून घेतलं असतं. आठ-दहा दिवसांत त्यांची पट्टी अशी देखणी बसायला लागली की मी पोरांना बोलावून दाखवली. सुरकुती नाही, फट नाही. मी म्हटलं, आता उद्यापासून उभं राहायचं. आणि तिथूनच माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. पट्टी अगदी शेवटच्या वेढ्यापर्यंत यायची आणि काका थांबायचे. मान वर करून खिडकीबाहेर बघायचे, "च्च! चुकलं," म्हणायचे आणि सगळी सोडून टाकायचे.

"काय चुकलं? कुठं चुकलं? मला दाखवा!"

"चुकलं म्हणजे चुकलं, मास्तर. आपल्याला कळतं."

"अहो, मी शिकवतो ना? मला नको कळायला?"

"घाई करायची नाही. नोकरी सगळी जकात नाक्यावर गेली आपली. ज्या ट्रकवाल्याला घाई असायची ना, त्याच्याच गाडीत माल लपवलेला असायचा."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की कारखान्यात कुणी घाई करायला लागला तर मला त्याचा डबा उघडून बघावासा वाटतो. नाका बंद झाला, काका रिटायर झाले, पण आडवा बांबू काही त्यांच्या डोक्यातून वर गेला नाही. शेजारून जाणाऱ्या पोरालाही ते थांबवायचे. "थांब. हात दाखव. हा फेरा कुठून आणला? जा, सोड, परत बांध." पोरगं रडकुंडीला येऊन माझ्याकडे यायचं आणि क्लास तिथंच अडून राहायचा.

आणि ती खिडकी! या माणसाला जगात काही हवं असेल तर तो बाक आणि ती खिडकी. बाक मी हलवला की दुसऱ्या दिवशी तो जागच्या जागी परत. कुणी तिथं दप्तर ठेवलं तर काका ते दोन बोटांनी उचलून लांब ठेवायचे. "उजेड लागतो," म्हणायचे. आता संध्याकाळी सात वाजता खिडकीतून कुठला उजेड येणार? ट्यूबलाइट तर समोरच्या भिंतीवर! पावसाळ्यात सगळ्या सिडकोने खिडक्या लावून घेतल्या तेव्हाही आमची उघडी. झड आत येऊन चटया भिजायच्या, काका स्वतःच्या रुमालाने पुसायचे, पण खिडकी लावू द्यायचे नाहीत.

बांधायची तऱ्हाही अशी की बघणाऱ्याचा जीव जावा. आधी दोनदा जोरात खाकरायचं. मग डावा हात देव्हाऱ्यात निरांजन धरावं तसा वर, खिडकीसमोर धरायचा. बोटं फाकवायची. मग एकेक वेढा असा सावकाश की मधल्या वेळात माझी पोरं दोरीवरच्या उड्या संपवून पाणी पिऊन यायची. नाटकातही माणसं इतकी ठसठशीत हालचाल करत नाहीत. मी क्लासकडे तोंड करून उभा असतो, खिडकीकडे माझी कायम पाठ, पण पाठीमागून ते "च्च!" आलं की माझ्या मानेवरची शीर उडायची.

महिन्यातून एखाद्या दिवशी मात्र वेगळंच घडायचं. पट्टी अर्धी असतानाच काका एकदम दोन्ही हात वर करून काहीतरी पुटपुटायचे. "हारनू, हारनू!" काका मूळचे सटाण्याकडचे, हरलो, असं त्यांच्या अहिराणीत म्हणत असावेत. कुणाला हरले, कशात हरले, विचारायची सोय नाही. पण त्या दिवशी स्वारी इतकी खूश असायची की खाली जाऊन राजगिऱ्याचे लाडू आणायची आणि सगळ्या पोरांना वाटायची. हरल्याचे लाडू वाटणारा खेळाडू कधी कुणाच्या क्लासला मिळाला असेल तर त्याने मला जरूर येऊन भेटावं.

एकदा क्लास बघायला बाहेरगावचे एक मोठे प्रशिक्षक आले होते. माझी पोरं जीव तोडून खेळली. जाताना पाहुण्यांची नजर बाकावर गेली.

"हे कोण?"

"सीनियर बॅच," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"नवीन दिसतात. आत्ताशी पट्टी शिकताहेत."

"हो," मी म्हणालो, आणि तेवढ्यात काकांनी "च्च! चुकलं," म्हणून हिरवी पट्टी भर्रकन सोडून पाहुण्यांच्या बुटावर टाकली.

त्या संध्याकाळी मी हट्टालाच पेटलो. काकांच्या हातात जबरदस्तीने ग्लोव्ह्ज चढवले आणि त्यांना ठोसे मारायच्या टांगत्या बॅगेसमोर उभं केलं. "मारा. एक. कसाही मारा." काकांनी बॅगेकडे वर-खाली पाहिलं. मग बैलाच्या पाठीवर थोपटावं तसं तिला दोनदा थोपटलं, "बरी आहे," म्हणाले आणि ग्लोव्ह्ज काढून खिडकीशी जाऊन बसले.

शेवटी मी खिडकीच बंद करायची ठरवली. काकांवरचा राग काढायला नव्हे, खरंच गरज होती. समोर प्रतिस्पर्धी नसताना हवेत ठोसे मारून सराव करतात, त्याला मोठा आरसा लागतो. आपला खांदा कुठं पडतो, हनुवटी किती उघडी राहते, हे पोराला स्वतःला दिसावं लागतं. एका भिंतीला बॅगा, एकीला दार आणि जिना, तिसरी गिरणीच्या मोटरमुळे सतत हादरणारी. राहिली खिडकीची. तिला पूर्ण प्लायवूड मारून वर आरसा बसवायचा, असा बेत. पोरं आनंदाने नाचायला लागली. काका मात्र पट्टी अर्धी हातात घेऊन तसेच बसले.

"आरसा कशाला, मास्तर? माणसाला स्वतःचं तोंड माहीत असतं."

"काका, तोंडासाठी नाही, खांद्यासाठी."

"मग खिडकी तेवढी सोडून लावा."

"मधोमध भोक ठेवून आरसा लावू? हसतील लोक."

"हसू द्या. हसणारे लोक काय, सगळीकडे असतात." मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "तेवढी खिडकी सोडा ना, मास्तर. मी कोपऱ्यात बसेन. पोरांना अडवणार नाही. पण खिडकी सोडा."

पट्टीच्या जोडीनंतर वर्षभरात काकांनी पहिल्यांदाच काही मागितलं होतं, तेही हात जोडल्यासारखं. पण मी इतका वैतागलेला होतो की मला त्यातही हट्टच दिसला. रविवारी सुतार आला आणि आरसा बसला.

सोमवारी काका नेहमीच्या वेळी आले. इस्त्रीचा शर्ट, पॉलिशचे बूट. खिडकीच्या जागी त्यांना समोर ते स्वतःच दिसले, हातात हिरवी गुंडाळी घेतलेले. मी भांडणाच्या तयारीत होतो. "छान बसलाय आरसा," एवढंच ते म्हणाले, बाकावर टेकले, लगेच उठले आणि निघून गेले. गुंडाळी बाकावरच राहिली.

दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्याही नाही. क्लास कसा तेल घातल्यासारखा चालला! कुणी कुणाला अडवत नव्हतं, पाठीमागून "च्च!" येत नव्हतं. मी सुखात असायला हवा होतो. पण मी सारखा आरशाखालच्या त्या रिकाम्या बाकाकडे बघत होतो आणि पोरांवर विनाकारण खेकसत होतो. शेवटी चौथ्या दिवशी ती गुंडाळी उचलली आणि खाली गिरणीवाल्याला विचारलं, देवरे राहतात कुठं?

"अहो, असं काय विचारता? समोर नाही का. तो वरचा मजला, हिरवी जाळी."

गल्ली एवढी अरुंद आहे की समोरासमोरच्या बायका एकमेकींना मिरच्या देतात. काका बरोब्बर आमच्या समोर राहत होते आणि मला पत्ता नव्हता.

दार काकांनीच उघडलं. मला बघून ओशाळले. "या, या. पट्टी विसरलो होतो का? राहू द्यायची की." मी आत गेलो. गॅलरीत जाळीला लागून खुर्ची होती आणि खुर्चीत काकू बसल्या होत्या. केस नीट विंचरलेले, तोंड एका बाजूला किंचित ओढलेलं. उजवा हात मांडीवर मूठ आवळून पडलेला होता. आणि त्या हाताला हिरवी पट्टी होती. दोन वेढे झालेले, पुढचं सगळं कापड जमिनीवर लोळत होतं. काकू समोर बघत होत्या. समोर माझ्या प्लायवूडची कोरी पाठ होती.

काका मला स्वयंपाकघरात घेऊन गेले. चहाचं आधण ठेवलं आणि हळू आवाजात सांगायला लागले.

"दीड वर्षापूर्वी झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. 'चल' एवढा एकच शब्द राहिला. हाताची बोटं अशी मिटली की उघडेनात. डॉक्टर म्हणाले, रोज एकेक बोट उघडायचं, व्यायाम करून घ्या. पण ही हात लावू देईल तर ना! मी जवळ गेलो की रडते, तोंड फिरवते. चुकायची लाज वाटते माझ्यासमोर. तुम्हाला सांगतो, पत्त्यात हरली तर रात्री भाकरी करपवायची, अशी बाई ही."

चहा उतू जाणार होता. मीच गॅस बारीक केला.

"मग एक दिवस बघितलं, तर गॅलरीत बसून तुमच्या पोरांकडं बघत होती. आणि डाव्या हाताने उजव्या मुठीभोवती पदर गुंडाळत होती. पोरं बांधतात तसा. बोटांमधून पदर घ्यायला बोट उघडावं लागतं, तर ती स्वतः उघडत होती, मास्तर! दुसऱ्या दिवशी मी तुमच्याकडं आलो."

"म्हणजे तुम्ही तिथं बसून..."

"तिच्याशी शर्यत लावायचो. माझा डावा, तिचा उजवा. समोरासमोर बसलं की आरशासारखं दिसतं, तिला बरोबर कळतं. मी खाकरलो की सुरुवात. तिचा फेरा चुकला की माझाही चुकायचा. माझी पट्टी आधी झाली की हिने पट्टी फेकलीच समजा. म्हणून सोडून टाकायचो. तिची पूर्ण झाली की हात वर करते, आणि मी हरतो."

मला राजगिऱ्याचे लाडू आठवले. मी चहा कपांत ओतला.

"आता इथं समोर बसून, हाताला जुनं फडकं गुंडाळून करून बघितलं या चार दिवसांत. नाही जमत. जवळून हरलो तर तिला खोटं वाटतं." काकांनी गॅलरीकडे एकदा वळून पाहिलं. "तिला कळू देऊ नका हं. तिला वाटतं, मला येत नाही. सगळ्या क्लासमध्ये मीच ढ आहे असं वाटतं तिला. त्यावरच चाललंय सगळं."

चहा घेऊन निघताना मी काकूंना नमस्कार केला. त्यांनी डावा हात उचलून समोरच्या प्लायवूडकडे बोट केलं. "चल," त्या म्हणाल्या. मग थोडं रागावून पुन्हा, "चल, चल."

सुताराने मला वेड्यात काढलं. चार दिवसांपूर्वी बसवलेला आरसा कापायचा म्हणजे काय, असं तो तीनतीनदा विचारत होता. आता आमच्या क्लासमध्ये भिंतीच्या दोन टोकांना आरशाचे दोन तुकडे आहेत आणि मधे खिडकी. मधोमध उभ्या राहणाऱ्या पोराला डावीकडे एक खांदा दिसतो, उजवीकडे दुसरा, आणि हनुवटी कुठंच दिसत नाही. बघायला येणारे पालक हसतात. हसू द्या.

खिडकी उघडली त्या संध्याकाळी काका बरोबर वेळेवर आले, बाकावर बसले, दोनदा जोरात खाकरले. या वेळी मी क्लासकडे पाठ केली आणि आरशात केस सारखे करतोय असं दाखवत खिडकीजवळ उभा राहिलो. समोर हिरव्या जाळीमागे काकूंनी फास अंगठ्यात अडकवला होता. दात ओठावर रोवून त्या करंगळी उघडत होत्या. एक फेरा गेला. दुसऱ्या बोटाशी पट्टी निसटली, आणि माझ्याशेजारी "च्च! चुकलं," म्हणून काकांनीही आपली सोडली. पुन्हा पहिल्यापासून. मागे पोरांच्या दोऱ्या फटफटत होत्या, खाली गिरणी घरघरत होती आणि मी श्वास रोखून एका बाईचं तिसरं बोट उघडायची वाट बघत होतो. ते उघडलं. मग चौथं. मग अंगठा, मग मनगट. काकूंनी डाव्या हाताने आपला उजवा हात धरला आणि हिरवी मूठ जाळीपर्यंत उचलली.

"हारनू वं, हारनू!" काका हात वर करून ओरडले. त्यांची पट्टी शेवटच्या वेढ्याशी लोंबत होती.

काकू आमच्याकडे बघत होत्या. काकांकडे आणि मग माझ्याकडे, मास्तरांकडे, निकाल ऐकायला बघतात तशा. मी खिडकीबाहेर डोकं काढलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात खेकसलो, "काका, वर्ष झालं! साधी एक पट्टी बांधता येत नाही तुम्हाला? समोर बघा, त्या काकूंचं केव्हाच झालं! जरा शिका त्यांच्याकडून!"

काकांनी ढ मुलासारखी मान खाली घातली. समोर काकूंचं अर्धं तोंड हसलं. मग त्यांनी दातांनी पट्टीचं टोक ओढलं, सगळी सोडली, आणि पुन्हा पहिल्या बोटाशी आल्या.

"चल," त्या म्हणाल्या.